आधी मातीची भूक मोजा

यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ओशट काढायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन जमिनीत मुरलं, की भूजलात कित्येक वर्षं ठाण मांडून बसतं. पाणी उपसून वर शुद्ध करण्याऐवजी जमिनीतच पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण सोडून ते नष्ट करता येतं. त्याचं गणित सोपं दिसतं: १ ग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीनला सुमारे २.४ ग्रॅम परमँगनेट.

फसगत होते ती इथेच. परमँगनेटला प्रदूषक आणि माती हा भेद कळत नाही. मातीतला सेंद्रिय अंश, फेरस लोह, सल्फाइड हे सगळे त्यावर ताव मारतात. एक घनमीटर वालुकामय थर घ्या. त्यात साधारण ३०० लिटर पाणी मावतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन असेल, तर पाण्यातल्या तेवढ्या विषाला पाऊण ग्रॅम परमँगनेट पुरतं. पण त्याच घनमीटरात सुमारे १,७०० किलो माती आहे. तिने किलोमागे फक्त १ ग्रॅम खाल्लं, तरी १.७ किलो संपलं! म्हणजे विषाच्या गरजेच्या दोन हजार पटींहून जास्त.

म्हणून ही भूक आधी बाटलीत मोजायची. माती नेमक्या त्याच थरातली हवी आणि तिला हवा लागू द्यायची नाही. हवेतल्या ऑक्सिजनने लोह आणि सल्फाइड आधीच गंजून गेलं, तर भूक खोटी कमी दिसते. ठरावीक वजनाच्या मातीत दोन-तीन वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं घालून ढवळायचं, एक बाटली मातीशिवाय ठेवायची. जांभळा रंग फिकट होत जातो, तळाशी तपकिरी मँगनीज डायऑक्साइड साचतं. ४८ तासांनी उरलेला रंग वर्णमापकावर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. त्याआधी द्रावण गाळलंच पाहिजे. तपकिरी कण प्रकाश अडवतात आणि आकडा चुकतो. त्याच द्रावणात विरघळलेलं क्रोमियमही तपासावं, कारण परमँगनेट मातीतल्या निरुपद्रवी क्रोमियमचं विषारी षट्संयुजी रूप करू शकतं.

मग प्रत्यक्ष जागेवर, द्रावण जमिनीतून किती सहज पसरेल ते पाहायचं. निरीक्षण विहिरीत भरीव दांडा झटकन बुडवून पाण्याची पातळी किती वेळात पूर्ववत होते ते पाहतात. भरड वाळूत काही सेकंद, चिकणमातीत तासन्‌तास. ही चाचणी विहिरीलगतचंच सांगते, त्यामुळे पाण्याचा माग काढायला ब्रोमाइड हा क्षार मिसळलेलं साधं पाणी सोडून ते शेजारच्या विहिरींत कधी पोचतं हेही बघावं. दाब जास्त झाला तर जमीन तडकते आणि द्रावण भलत्याच वाटेने वर येतं.

सर्वांत जास्त दगा चिकणमाती देते. वाळूतलं पाणी स्वच्छ झालं, तरी चिकणमातीच्या थरात मुरलेलं विष महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि आकडे पुन्हा चढतात. जागेवर परमँगनेट सोडून केलेल्या प्राथमिक प्रयोगानंतरची तपासणी परमँगनेट पूर्ण संपल्यावरही चालू ठेवावी लागते ती यासाठी. नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी, आत बुडबुडा राहू नये. ट्रायक्लोरोइथिलीन हवेत उडतं. पाण्यात गुलाबी झाक असेल तर एस्कॉर्बिक आम्ल घालून ती लगेच घालवावी, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच विष नष्ट होतं आणि जमीन आहे त्याहून स्वच्छ दिसते.