पलंगावरचा परीक्षक

लैंगिक तक्रार घेऊन माणूस डॉक्टरकडे गेला आणि तपासण्या ठीक आल्या, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." मित्रही हेच सांगतात, इंटरनेटवरचे आरोग्यगुरूही हेच सांगतात. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण 'घेऊ नका' म्हटल्यानं कुणाचं टेन्शन गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. शिवाय प्रयोगशाळेतले निष्कर्ष पाहिले तर मला वाटतं आपण भलत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे.

या सल्ल्यामागचं शरीरशास्त्र मात्र खरं आहे, ते आधी पाहू. लिंगाला ताठरता येते ती रक्तामुळे. मज्जारज्जूच्या तळाकडून निघणाऱ्या परानुकंपी चेता (शरीर निवांत असताना काम करणाऱ्या नसा) उत्तेजित झाल्या की चेतांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतं. ते स्नायुपेशींत शिरतं आणि तिथं सायक्लिक जीएमपी हा रेणू तयार होतो. त्यामुळे पेशींतलं कॅल्शियम घटतं, स्नायू सैल पडतात, आतल्या सच्छिद्र ऊतीत रक्त भरतं आणि त्या दाबानं परतीच्या शिरा दबून रक्त आतच अडकून राहतं. स्त्रीच्या जननेंद्रियांतही रक्तप्रवाह वाढतो आणि त्यातून योनीत ओलावा येतो. 1998 साली आलेली सिल्डेनाफिल म्हणजेच व्हायग्रा ही गोळी सायक्लिक जीएमपी मोडणाऱ्या पीडीई-5 या विकराला (एन्झाइमला) अडवते, बाकी काही नाही. मुळात उत्तेजनाच नसेल तर गोळीला टिकवून धरायला काही उरत नाही. याउलट भीती वाटली की अनुकंपी चेता, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या नसा, नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सोडतात आणि तेच स्नायू आवळले जातात.

म्हणजे भीती वाढली की उत्तेजना घटणार, असं कुणीही म्हणेल. अमेरिकेत अल्बनी इथं मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहायचं ठरवलं. त्यांचा 1983 सालचा प्रयोग मला फार आवडतो. लैंगिक तक्रार नसलेल्या तरुणांना त्यांनी कामुक चित्रफीत दाखवली. लिंगाभोवती बसवलेली एक बारीक कडी घेरातला बदल नोंदवत होती. एका वेळी चित्रफीत निवांत पाहायची होती. दुसऱ्या वेळी सांगितलं होतं, की मध्येच विजेचा झटका बसू शकतो. तिसऱ्या वेळची अट तर क्रूरच होती: इतरांच्या सरासरीइतकी ताठरता आली नाही तर झटका बसू शकतो. झटक्याची धास्ती घालणं आणि ताठरतेची परीक्षा घेणं या दोन्ही गोष्टी तिथं एकदमच होत्या.

अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या वेळी सगळं कोसळायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन्ही धमक्यांनी उत्तेजना वाढली, आणि सर्वांत जास्त वाढली ती त्या क्रूर अटीखाली.

पण ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांवर अशाच धमकीचा परिणाम उलटा झाला, त्यांची उत्तेजना घटली. धमकी तीच आणि परिणाम मात्र विरुद्ध. मग फरक कुठं होता? याचं उत्तर दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांतून आलं. चित्रफीत पाहताना कानावर लैंगिकतेशी संबंध नसलेला मजकूर टाकायचा आणि त्याकडे लक्ष द्यायला लावायचं. तक्रार नसलेल्यांची उत्तेजना यानं लगेच उतरली, कारण त्यांचं लक्ष चित्रफितीवरून उडालं. तक्रार असलेल्यांच्या बाबतीत मात्र काहीच घट झाली नाही! इथं क्षणभर थांबा. लक्ष विचलित करूनही फरक पडत नाही याचा अर्थ लक्ष आधीपासूनच चित्रफितीवर नव्हतं. ते स्वतःवर होतं: येतंय का, टिकेल का, कमी तर होत नाही ना.

1986 साली बार्लो यांनी हे सगळं जोडून एक चक्र मांडलं. भीतीमुळे शरीर जागं होतं आणि लक्ष एका बिंदूवर एकवटतं. तो बिंदू जोडीदाराचा स्पर्श, गंध, श्वास असेल तर त्याच एकवटण्यातून उत्तेजना वाढते. तो बिंदू आपलीच कामगिरी असेल तर कामुक संवेदना मेंदूपर्यंत नीट पोचतच नाहीत, मज्जारज्जूकडे जाणारा संदेश क्षीण होतो आणि ताठरता ओसरते. ती ओसरली हे त्या आतल्या परीक्षकाला तत्काळ दिसतं, आणि पुढच्या वेळी तो आधीच येऊन बसतो. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्येच ओळखलं होतं, की अशी माणसं स्वतःच्याच शृंगाराचे प्रेक्षक होतात. बार्लो यांनी त्याची यंत्रणा दाखवली.

याच गटानं 2001 मध्ये आणखी एक खोडसाळ प्रयोग केला. निरोगी तरुणांना चित्रफिती दाखवून झाल्यावर सांगितलं, की तुमचा प्रतिसाद कमी पडला. हे धादांत खोटं होतं. मग काहींना कारण दिलं की चित्रफीतच सुमार होती, आणि इतरांना दिलं की दोष तुमच्या विचारसरणीत आहे, तुम्ही भरलेल्या प्रश्नावलीतून तो दिसतोय. पुढच्या चित्रफितीच्या वेळी चित्रफितीवर खापर फोडायची मुभा मिळालेल्यांची उत्तेजना चांगली राहिली, स्वतःला दोष द्यायला लावलेल्यांची घटली. एखाद्या रात्री काही जमलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावला यावर पुढच्या रात्रीचं बरंच अवलंबून असतं.

अपेक्षा किती खोल शिरतात याचा एक नमुना औषधांच्या जगातला आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यावर फिनास्टेराइड हे औषध देतात, आणि त्यानं क्वचित लैंगिक दुष्परिणाम होतात. इटलीतल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या रुग्णांना ही शक्यता सांगितली, अर्ध्यांना सांगितली नाही. वर्षभरात न सांगितलेल्या गटात 15.3 टक्के रुग्णांनी लैंगिक तक्रारी केल्या, सांगितलेल्या गटात 43.6 टक्के रुग्णांनी. गोळी एकच! 'मर्दानी ताकद' विकणाऱ्या जाहिराती हेच रोज फुकटात करत असतात. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो, अमुक मिनिटं टिकलं नाही तर पुरुषार्थ नाही, असल्या थापा मारून त्या आधी परीक्षक बसवतात आणि मग त्याला खूश करायचा अर्क विकतात. टेस्टोस्टेरॉनची खरी कमतरता असते, पण ती सकाळच्या रक्ततपासणीत दिसते, बाटलीवरच्या वाघाच्या चित्रात नाही.

आतापर्यंतचं सगळं पुरुषांबद्दल झालं, कारण कडी बसवून मोजणं सोपं असतं. स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळीच गुंतागुंत आहे. लैंगिकतेच्या संशोधक मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2010 साली अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. जननेंद्रियांचा प्रतिसाद आणि 'मला उत्तेजित वाटतंय' हे सांगणं यांचा सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर 1, काहीच नसेल तर 0) पुरुषांत 0.66 निघाला, स्त्रियांत 0.26. म्हणजे ओलावा आला म्हणून इच्छा आहे असं नाही, आणि आला नाही म्हणून इच्छा नाही असंही नाही. 'शरीर खोटं बोलत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. संमती तोंडानं विचारायची असते. इच्छा आधी आणि स्पर्श नंतर हा क्रमही सार्वत्रिक नाही. स्पर्श, जवळीक सुरू झाल्यावर मागून इच्छा जागी होणं हेही निरोगीच आहे, असं डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडलं. परीक्षक स्त्रियांच्याही डोक्यात असतो, फक्त त्याची प्रश्नपत्रिका वेगळी असते: पोट कसं दिसतंय, त्याला कंटाळा तर येत नाही ना, मला अजून काहीच का होत नाही.

किन्सी इन्स्टिट्यूट या लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेतल्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यानसन यांनी यासाठी अॅक्सिलरेटर आणि ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणांची कल्पना मांडली. कुणाचा ब्रेक जात्याच हळवा असतो. थकवा, अपमानाची सल, न मिटलेलं भांडण, गर्भधारणेची धास्ती, पुन्हा फसेल ही भीती, यानं तो दाबला जातो. बहुतेक जण अशा वेळी अॅक्सिलरेटरच आणखी दाबतात: नवी गोळी, नवा व्हिडिओ. पाय ब्रेकवर तसाच.

मास्टर्स आणि जॉन्सन यांची उपचारपद्धत म्हणूनच मला हुशारीची वाटते. 'सेन्सेट फोकस' या पद्धतीत पहिल्या टप्प्यात संभोगाला चक्क बंदी असते. जोडीदारांनी आळीपाळीनं एकमेकांना स्पर्श करायचा, स्तन आणि जननेंद्रियं वगळून, आणि लक्ष द्यायचं ते त्वचेच्या उबेकडे, पोताकडे, दाबाकडे. काय आवडतं, काय नाही, हे सांगायचं. पुढचे टप्पे सावकाश येतात. ताठरता आली काय नि गेली काय, त्यावर काहीच अवलंबून नसतं, म्हणून परीक्षकाला गुण द्यायला जागाच उरत नाही. जोडपी ही बंदी मोडतात ती बहुधा यामुळेच.

याच्या उलट, हुकूम सोडला की काय होतं? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 64 विवाहित जोडपी होती. निम्म्यांना संभोगाचं प्रमाण दुप्पट करायला सांगितलं. त्यांनी ते वाढवलंही. तीन महिन्यांत त्यांचा आनंद वाढला नाही, उलट मनःस्थिती किंचित खालावली, इच्छा आणि मजा दोन्ही घटली.

म्हणून सगळंच मनाचं असतं असं मात्र नाही. नैराश्यात इच्छा मंदावते आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही मंदावते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. निरोगी पुरुषाला झोपेतल्या रेम टप्प्यात (स्वप्नं पडतात त्या), रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा, आपोआप ताठरता येते. त्या टप्प्यात मेंदूतल्या नॉरअॅड्रेनलिनच्या पेशी गप्प असतात आणि परीक्षकही झोपलेला असतो. 1980 च्या सुमारास यावरून एक स्वस्त चाचणी निघाली होती: झोपताना लिंगाभोवती टपाल तिकिटांची पट्टी चिकटवायची आणि सकाळी छिद्रांवर ती फाटली आहे का ते पाहायचं. फाटली असेल तर रक्तवाहिन्या आणि चेता बऱ्यापैकी शाबूत, असा ढोबळ अर्थ. आता याहून नेमक्या तपासण्या आहेत. पण तक्रार हळूहळू वाढत गेली असेल आणि पहाटेची ताठरताही नाहीशी झाली असेल, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार अनेकदा आधी इथं जाणवतो आणि काही वर्षांनी छातीत.