टर्बो पास्कलमध्ये माउस यायचा कुठून?

टर्बो पास्कल म्हणजे पास्कल या भाषेतला कोड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलून देणारा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला कंपायलर. त्याचा जुना कोड उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. माउसची जागा वाचली की लगेच तिला 8 ने भागलंय आणि वर 1 मिळवलाय. का, ते कॉमेंटमध्ये सहसा कुणी लिहीत नाही, त्यामुळे नवीन माणूस तसंच कॉपी करतो. ते समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

निकलाउस विर्थ यांनी 1970 मध्ये पास्कल मांडली. तिच्यात इनपुट म्हणजे रीड आणि रीडएलएन या मजकूर वाचणाऱ्या आज्ञा, बास. पुढे 1983 च्या नोव्हेंबरात बोरलँडचा टर्बो पास्कल आला आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला माउसही त्याच वर्षीचा, पण कंपायलरला माउस माहीतच नव्हता. माउससोबत एक ड्रायव्हर, म्हणजे माउस सांभाळणारा छोटा प्रोग्राम मिळायचा, तो मेमरीत बसून राहायचा आणि इंटरप्ट 33 हेक्सवर, म्हणजे प्रोग्रामनं त्याला हाक मारायच्या ठरलेल्या क्रमांकावर, प्रश्नांची उत्तरं द्यायचा. माउस सिरियल पोर्टचा आहे की कार्डाचा, हे प्रोग्रामला बघावंच लागत नव्हतं, आणि इतर कंपन्यांचे ड्रायव्हरही हाच इंटरप्ट द्यायला लागले. माझ्या मते सगळ्यात मोठं काम इथेच झालं.

पास्कलमधून हे करायचं म्हणजे एएक्स रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा, बीएक्स, सीएक्स, डीएक्स हीही तशीच) हव्या त्या कामाचा, म्हणजे फंक्शनचा नंबर टाकायचा आणि इंटरप्टला हाक मारणारी इंटर प्रोसिजर बोलवायची. 0 म्हणजे रिसेट, ड्रायव्हर आहे की नाही ते यातच कळतं. 1 ला कर्सर दिसतो, 2 ला लपतो, 3 ला बीएक्समध्ये बटणं आणि सीएक्स, डीएक्समध्ये जागा. आधी रजिस्टरांचा रेकॉर्ड आपणच लिहायचा, 1987 च्या टर्बो पास्कल 4.0 मध्ये डॉस युनिटनं (युनिट म्हणजे तयार प्रोसिजरांचा संच) तो तयार दिला. त्याच 4.0 मध्ये ग्राफ युनिटही आलं, रेषा काढा, वर्तुळ काढा, सगळं आहे, पण माउससाठी एकही प्रोसिजर नाही! म्हणून मग जो तो स्वतःचं माउस युनिट लिहून ठेवायचा.

आता ते 8. टेक्स्ट मोडमध्ये 80 कॉलम आणि 25 ओळी असल्या तरी ड्रायव्हर मनातल्या मनात 640 बाय 200 चा पडदा धरून चालतो, म्हणजे एक अक्षर 8 बाय 8 चं, आणि तो 0 पासून मोजतो तर गोटूएक्सवाय, म्हणजे पडद्यावर लिहायची जागा ठरवणारी पास्कलची प्रोसिजर, 1 पासून, म्हणून 8 ने भागून 1 मिळवायचा. 320 बाय 200 च्या ग्राफिक्स मोडमध्येही आडवा आकडा 639 पर्यंत जातो, तिथे निम्मा करायचा.

कर्सर लपवणं हा तर वेगळाच त्रास. ड्रायव्हर कर्सरखालचं चित्र जपून ठेवतो आणि माउस हलला की ते परत टाकतो, मधल्या वेळात तुम्ही तिथे काही काढलं असेल तर त्यावर जुना चौकोनी तुकडा येऊन बसतो. म्हणून काढायच्या आधी लपवा, मग दाखवा. आणि ड्रायव्हर हे मोजतो बरं का, दोनदा लपवला तर दोनदा दाखवावा लागतो, मी यात बराच वेळ घालवलाय.

1990 च्या 6.0 मध्ये खिडक्या आणि मेनू बनवायचं टर्बो व्हिजन आलं, तेव्हा कुठे माउसचं क्लिक इव्हेंट म्हणून, म्हणजे आपण न विचारता कळवलेली घटना म्हणून, हातात मिळायला लागलं. आज डॉसबॉक्स, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम, माउसचा तो इंटरप्ट स्वतःच पुरवतो, त्यामुळे जुना कोड तसाच चालतो. फ्री पास्कल या आजच्या मोफत पास्कल कंपायलरच्या माउस युनिटमध्ये गेटमाउसएक्स थेट अक्षरांत जागा देतं, 8 ने भागायची गरज उरली नाही, पण मोजणी अजून 0 पासूनच आहे, तेव्हा गोटूएक्सवायला देताना तो 1 मात्र मिळवावाच लागतो.