आधी बोर्डिंग, मग कॉलेज: खानदेशातल्या वसतिगृहांची पार्श्वभूमी

कॉलेजने नवं वसतिगृह बांधावं का, हा विषय निघाला की चर्चा जागा आणि निधी याभोवतीच फिरते. खानदेशात हा प्रश्न कॉलेजांच्याही आधीचा आहे. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं मूळजी जेठा कॉलेज, दोन्ही १९४५ ची. त्याआधी मॅट्रिकपुढे शिकायचं तर पुणं, मुंबई, फार तर नाशिक. मॅट्रिकसाठीसुद्धा खेड्यातल्या पोराला मोठ्या गावी राहावं लागे. राहायला नातेवाइकाची पडवी, जेवायला वार: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. हे वार कोणाला मिळायचे, ते जात ठरवायची. ज्याला कोणी पानावर बसवणार नाही, त्याची शाळा सुटायची.

बोर्डिंगं निघाली ती यातून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून त्यांना बळ दिलं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. खानदेशातही ज्ञातिसंस्थांनी तीच वाट धरली. जळगावची लेवा बोर्डिंग हे त्यातलं ओळखीचं नाव.

अमळनेरला १९२४ मध्ये साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि छात्रालयाचे प्रमुख झाले. मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं नीट करणं हे ते न सांगता करत. मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढत. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. या आठवणी भाषणांत फार गोड करून सांगतात, पण त्यातली कामाची गोष्ट साधी आहे: छात्रालयाला पूर्ण जीव लावणारा माणूस होता.

पुढे कॉलेजंच गावाजवळ आली. फैजपूरला १९६१ मध्ये, मग चोपडा, शहादा, शिरपूर. एसटीच्या पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत, त्यामुळे केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यातला पोरगा घरी जेवून अप-डाऊन करू लागला. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झालं आणि पुण्याच्या चकरा संपल्या. मग कॉलेजने वसतिगृह कशाला चालवायचं? उरलेल्यांसाठी कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि घरगुती मेस होत्याच.

हा हिशेब सपाटीपुरता बरोबर होता. सातपुड्यात तो लागू पडत नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रोज कॉलेजला येणं-जाणं होत नाही. त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे नंबर न लागलेल्यांना २०१६-१७ पासून ‘स्वयं’ योजनेतून पैसे मिळतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच सुमारास ‘स्वाधार’ आली. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची मूळ रक्कम वर्षाला ४३,००० रुपये. म्हणजे सरकारने इमारतीच्या जोडीला भाडं द्यायला सुरुवात केली. पण पैसे हाती आले म्हणून घरमालक खोली देईलच असं नाही. आडनाव विचारून खोली नाकारणं खानदेशात कोणाला नवं वाटायचं कारण नाही. २०१८ मध्ये वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी ताटाची होती.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. अकराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोग महाविद्यालयांना मुलींच्या वसतिगृहासाठी अनुदान देत होता, पण ते बांधकामापुरतं. रेक्टर, पहारा, स्वयंपाक, वीजबिल हे संस्थेच्या गळ्यात. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केलं. फी गेली, राहणं-खाणं राहिलं. आता बापाला लेकीच्या कॉलेजपेक्षा तिच्या खोलीचं कोडं मोठं.

तेव्हा बांधायचं तर बांधावं, माझं मत त्याच बाजूचं आहे. मात्र मुलींसाठी आणि सातपुड्यातल्या पोरांसाठी आधी. आणि नकाशा मंजूर करायच्या आधी रेक्टरचा पगार कुठल्या खात्यातून निघेल आणि दिवाळीत पाड्यावर न जाऊ शकणाऱ्यांची मेस कोण चालवेल, हे ठरावात लिहून घ्यावं.