हरितलवक एक सांगतं, केंद्रक दुसरंच

युरोपातल्या जंगलांत ओकच्या दोन प्रजाती शेजारी शेजारी वाढतात: क्वेर्कस रोबर आणि क्वेर्कस पेट्रिया. पुस्तकात त्यांच्यातला फरक सोपा वाटतो. रोबरच्या पानाला देठ जेमतेम असतो आणि फळं लांब दांड्यावर लोंबतात. पेट्रियाचं बरोबर उलट: पानाला चांगला देठ आणि फळं डहाळीला जवळजवळ चिकटलेली. जंगलात मात्र ज्यांचा देठ धड आखूड नाही आणि धड लांबही नाही अशी झाडं हमखास भेटतात, कारण या दोघांत संकर होतो आणि संकरालाही बी धरतं.

अशा वेळी डीएनए तपासला की सोक्षमोक्ष लागेल, असं कुणालाही वाटेल. पण कुठला डीएनए? वनस्पतीच्या पेशीत तो तीन ठिकाणी असतो: केंद्रकात, तंतुकणिकेत आणि हरितलवकात. प्राण्यांसाठी २००३ पासून तंतुकणिकेतलं एक जनुक ओळखीचा बारकोड म्हणून वापरात आलं. वनस्पतींत ते जनुक इतकं सावकाश बदलतं की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून २००९ साली वनस्पतीशास्त्रज्ञांनी हरितलवकातले दोन तुकडे सुचवले, आरबीसीएल आणि मॅट-के. चाचणीत या जोडीने सुमारे ७२ टक्के प्रजाती अचूक ओळखल्या. उरलेल्यांचा गट कळला, नेमकी प्रजाती कळली नाही. म्हणजे जिथे डोळे फसतात तिथेच बारकोडही अडखळला.

याचं एक कारण वेळेचं आहे. नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींत फरक साठायला पुरेसा काळच गेलेला नसतो. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक फक्त आईकडून येतं. परागातून येतो तो केंद्रकातला वाटा. समजा, रोबरच्या फुलावर पेट्रियाचा पराग पडला. त्या बीपासून झालेल्या झाडावर पुन्हा पेट्रियाचाच पराग पडला, आणि हे पिढ्यानपिढ्या चालू राहिलं. हळूहळू केंद्रक जवळजवळ पूर्ण पेट्रियाचं होतं. पानंही पेट्रियाची दिसू लागतात. हरितलवक मात्र त्या पहिल्या रोबर आईचंच राहतं.

ओकांत हे सर्रास घडलेलं आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकांच्या अभ्यासात दिसलं की हरितलवकाचा डीएनए प्रजातीपेक्षा जागेनुसार जुळतो. युरोपातही तेच. एकाच जंगलातल्या रोबर आणि पेट्रियाचं हरितलवक सारखं असतं, तर दूरच्या दोन जंगलांतल्या रोबरचं वेगवेगळं. ओकचं जड फळ फार लांब जात नाही, पराग मात्र वाऱ्यावर दूरवर जातो. प्रजाती ओळखायला कुचकामी ठरलेल्या याच डीएनएवरून हिमयुगानंतर ओक स्पेन, इटली आणि बाल्कनमधून उत्तरेकडे कसे पसरले, याचा नकाशा काढता आला. पुरावा खोटा नव्हता, त्याला प्रश्न चुकीचा विचारला जात होता.

प्रजातीचा प्रश्न केंद्रकाला विचारावा लागतो, आणि तिथेही एखाद्या जनुकावर भागत नाही. दोन्ही ओकांच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, मोठा भाग एकमेकांत मिसळलेला आहे. ठळक फरक मोजक्या जागी एकवटलेले आहेत. अनेक जागा एकत्र तपासल्या की दोन गट स्पष्ट दिसतात आणि संकर झाडं मधोमध उठून दिसतात.

दोन्ही पुरावे एकमेकांना पूरक ठरतात तेव्हा तर बहार येते. सूर्यफुलाच्या कुळातल्या ट्रॅगोपोगॉनच्या तीन प्रजाती युरोपातून अमेरिकेत वॉशिंग्टन आणि आयडाहोच्या सीमाभागात पोचल्या. त्यांच्या संकरातून तिथे दोन नव्या प्रजाती जन्मल्या. वनस्पतीशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी १९५० साली त्यांचं वर्णन केलं. पालकांत १२ गुणसूत्रं, नव्या झाडांत दुप्पट, म्हणजे २४. त्यांपैकी ट्रॅगोपोगॉन मिसेलसची दोन रूपं आढळतात: एकाच्या पाकळ्या आखूड, दुसऱ्याच्या लांब. फूल बघून दोन प्रजाती म्हणाव्यात, इतका तो फरक डोळ्यांत भरतो. केंद्रकाने दोघांचे पालक तेच असल्याचं दाखवलं: आलेल्या तिघींपैकी डुबियस आणि प्रॅटेन्सिस. हरितलवकाने सांगितलं की आखूड पाकळ्यांच्या रूपाची आई प्रॅटेन्सिस आहे आणि लांब पाकळ्यांच्या रूपाची डुबियस. एकच प्रजाती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या आयांच्या पोटी जन्मली होती. दोघांना एकाच नावाखाली ठेवलं जातं, आणि मला ते योग्य वाटतं.

आता केंद्रकातली शेकडो जनुकं एकदम वाचता येतात. सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ जनुकांचा एक संच २०१९ साली जाहीर झाला. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या पानांत डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, तरी त्यावरही तो चालतो. म्हणूनच डीएनएसाठी पान तोडलं की त्याच झाडाची फुलाफळांसह फांदी दाबून, वाळवून, तारीख-ठिकाण लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे. डेटाबेसमधल्या डीएनएच्या क्रमावर चुकीच्या प्रजातीचं नाव लागलं, तर ती चूक त्या फांदीवरूनच पकडता येते.