आदिवासी आरोपीला मोफत वकील : अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

धडगाव किंवा भामरागडकडचा माणूस अटक झाला की घरच्यांची पहिली धावपळ होते ती जातीच्या दाखल्यासाठी. कुणीतरी सांगितलेलं असतं, मोफत वकील हवा तर आधी दाखला आणा. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, त्याला जुने पुरावे लागतात, आणि तोवर रिमांड होऊन गेलेला असतो. कोठडीतल्या माणसासाठी ही धावपळ करायची गरजच नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे. त्यात अनुसूचित जमातीची व्यक्ती आहे, स्त्री आणि बालक आहेत, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती आहे. यातलं एक लागू झालं तरी पुरे. या गटांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही मागे लावून घेऊ नका. माणूस पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असेल तर तेवढ्यावरच तो पात्र ठरतो. जातीचा दाखला कामी येतो तो आरोपी जामिनावर बाहेर असून खटला चालू असेल तेव्हा, किंवा जमिनीच्या वगैरे दिवाणी दाव्यात.

अर्ज तालुका न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. माणूस तुरुंगात असेल तर तिथल्या विधी सहाय्य केंद्रातून अर्ज जातो. छापील नमुना मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. फी नाही. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यावा लागतो आणि नकार आला तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

बरोबर काय न्यायचं? ओळखीचा एखादा पुरावा, एफआयआरची प्रत किंवा निदान गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव, आधीच्या तारखेचा काही कागद असेल तर तो. वनगुन्ह्याचं प्रकरण असेल तर वनहक्क दाव्याची पोच किंवा पट्टा जरूर न्या. अर्जासाठी तो लागत नाही, पण वकिलाला त्याचा फार उपयोग होतो.

अटकेनंतर मात्र अर्जाची वाट पाहत बसायचं नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, आणि तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे त्याला सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हे चालत नाही. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातली एक शिक्षा एवढ्याच कारणावरून रद्द केली : आरोपीला या हक्काची कल्पनाच दिली नव्हती.

वकील कोण मिळतो? फौजदारी कामासाठी आता जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत, म्हणजे आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या वकिलांची कार्यालयं. २०२२ च्या राष्ट्रीय योजनेतून ती उभी राहिली. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, आणि या वकिलांना खासगी वकिली करता येत नाही. पूर्वी प्राधिकरणाच्या यादीतल्या, म्हणजे पॅनेलवरच्या, खासगी वकिलाकडे काम सोपवलं जायचं. त्या पॅनेल पद्धतीपेक्षा हे बरं, असं माझं मत. तारखेला वकीलच हजर नाही, ही जुनी तक्रार त्यामुळे कमी व्हायला जागा आहे. फिर्यादी किंवा पीडितांसाठी हे कार्यालय नाही. त्यांनी पॅनेल वकील मागावा.

पैसे कुणालाही द्यायचे नाहीत. टायपिंग, नकला, भाषांतर हा सगळा खर्च प्राधिकरणाचा. कुणी मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

भाषेचं अर्जातच लिहा. आरोपी फक्त माडिया, पावरी किंवा कोरकू बोलत असेल तर वकिलाशी बोलताना दुभाषा हवा, असं स्पष्ट नमूद करा. साक्षीपुरावा आरोपीला कळत नसलेल्या भाषेत चालला तर तो त्याच्या भाषेत समजावून द्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे. पण न मागता ती क्वचितच वापरली जाते. आदिवासींसाठीच्या नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१५ च्या योजनेने त्याच समाजातून विधी स्वयंसेवक तयार करण्याचं सांगितलं आहे. गावात असा कुणी असेल तर पहिल्या दिवसापासून त्याला बरोबर घ्या.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने माणूस आतच राहतो, असंही होतं. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. आठव्या दिवशी तुम्हीच सचिवांच्या कार्यालयात जा, जामिनाच्या आदेशाची प्रत दाखवा आणि अट शिथिल करण्यासाठी अर्ज करायला सांगा.