आमिश समाज सोडणारे तरुण आणि त्यांचा कुटुंबसंपर्क

आमिश हा अमेरिकेत, आणि थोड्या संख्येने कॅनडात (मुख्यतः ऑन्टॅरिओत), राहणारा ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा बालपणी न देता कळत्या वयात घ्यावा असे मानणारा, ख्रिस्ती समाज. १६९३ मध्ये जेकब आमान यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंड व अल्सासमधील ॲनाबॅप्टिस्टांत फूट पडली आणि त्यांच्या अनुयायांना हे नाव मिळाले. मंडळीबाहेर (म्हणजे चर्चच्या सदस्यत्वातून) काढलेल्यांशी किती कडक वागायचे, हाच त्या भांडणातला एक मोठा मुद्दा होता. घर सोडून गेलेल्या मुलाशी नाते कसे ठेवावे हा प्रश्न या समाजात पहिल्यापासून आहे.

उत्तर प्रथम ठरते ते बाप्तिस्म्यावरून, म्हणजे मंडळीत सामील होण्याच्या जलविधीवरून. तो जन्मतः दिला जात नाही; बहुधा १८ ते २२ या वयात तरुण स्वतः मागून घेतात. त्याआधी बाहेर पडलेल्याने कोणतीही शपथ मोडलेली नसते, म्हणून त्याच्यावर बहिष्कार नसतो. तो घरी येतो, घरच्यांबरोबर जेवतो. बाप्तिस्म्यानंतर सोडणाऱ्याने मात्र देवासमोर व मंडळीसमोर दिलेला शब्द मोडला असे मानतात. बिशप व उपदेशक त्याला भेटून समजावतात, विचाराला वेळ देतात; तरी तो परतला नाही तर मंडळी त्याला बाहेर काढते. दोन भावंडांनी एकाच कारणासाठी घर सोडले, तरी केवळ या एका विधीमुळे त्यांच्या वाट्याला अगदी वेगळे आयुष्य येऊ शकते.

या बहिष्काराला ‘माइडुंग’ म्हणतात. त्याला आधार बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (५:११), तसेच १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट कबुलीनाम्याचा, म्हणजे ॲनाबॅप्टिस्टांच्या श्रद्धा मांडणाऱ्या दस्तऐवजाचा. बोलणे बंद होते असा बाहेर समज आहे. तो बहुतेक ठिकाणी खरा नाही. बंदी असते ती एका पंगतीला जेवण्यावर, त्याच्याशी व्यवहार करण्यावर, त्याच्या मोटारीत बसण्यावर आणि त्याच्या हातून काही घेण्यावर. देणे चालते, मदत करणे तर कर्तव्यच. म्हणजे आई मुलाला वाढू शकते, पण त्याने आणलेली वस्तू त्याच्या हातून घेऊ शकत नाही. काही घरांत तो ती टेबलावर ठेवतो आणि मग आई उचलते. वेगळे टेबल मांडतात, किंवा दोन टेबले जवळ ठेवून मध्ये थोडी फट राखतात. ही फट राखताना घरातल्या बायकांच्या जिवाची काय घालमेल होत असेल, हे नियमांच्या भाषेत मावत नाही. परत यावा म्हणूनच हे करतो, असे आई-वडील सांगतात आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. पण मुलाला बोचायचे ते बोचतेच.

पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात नियम कडक आहेत: मूळ मंडळीत परतल्याशिवाय बहिष्कार उठत नाही. इतर कित्येक वसाहतींत मेनोनाइट (ॲनाबॅप्टिस्टांचाच दुसरा पंथ) किंवा तत्सम मंडळीत दाखल झाल्यास तो उठतो. श्वार्ट्झनट्रुबर हा अतिकर्मठ गट. तेथील काही घरांत बाप्तिस्मा न घेता गेलेल्यांनाही दार उघडे नसते.

रोजचा संपर्क पत्रांनी चालतो. घरात फोन नसला तरी अनेक वसाहतींत आवाराबाहेर सामाईक फोनची खोपटी असते, तेथे निरोप ठेवता येतो. सगळ्यात नाजूक बाब धाकट्या भावंडांची. थोरल्याचे पाहून तीही जातील या भीतीने काही पालक भेटी मोजक्याच ठेवतात, किंवा येताना साधे कपडे घालायला सांगतात. कागदपत्रांसाठीही घरची गरज लागते: १९६५ पासून आमिशांना सामाजिक सुरक्षा या सरकारी योजनेतून सूट असल्याने अनेक तरुणांकडे त्या योजनेचा ओळख क्रमांक नसतो, आणि त्याविना बाहेर नोकरी मिळणे अवघड.

कायदा यात फारसा पडत नाही. ओहायोतील १९४७ चा ‘योडर विरुद्ध हेलमुथ’ खटला हा गाजलेला अपवाद. आजारी मुलीला उपचारासाठी नेता यावे म्हणून मोटार वापरू देणाऱ्या मंडळीत गेलेल्या शेतकऱ्याने बहिष्काराविरुद्ध दावा लावला, आणि ज्यूरीने त्याला ५,००० डॉलर भरपाई दिली. बहिष्काराची प्रथा मात्र तशीच राहिली.

परतीची वाट कायम खुली असते. मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली दिली की सदस्यत्व पूर्ववत होते, आणि मागच्या गोष्टी पुन्हा उकरून काढायच्या नसतात.