हस्तलिखित पोथ्या, कोल्हापूर परिसरातील

कोल्हापूर शहर आणि पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यातील मठ, बसद्या (जैन मंदिरे), देवळे व जुनी घराणी यांनी जपलेले ताडपत्रांवरचे आणि हातकागदावरचे धर्मग्रंथ, तसेच विसाव्या शतकात त्यांच्या वाचनातून उभे राहिलेले संशोधन. यात वैदिक, दत्तसंप्रदायी आणि जैन अशा सर्वच पोथ्या येतात. मात्र ग्रंथशोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या ठरल्या त्या दिगंबर जैनांच्या, कानडी लिपीतल्या ताडपत्री पोथ्या. नोंदीचा भर त्यांच्यावरच आहे.

प्राचीन धर्मग्रंथ सापडले म्हटले की डोळ्यांसमोर गुहा किंवा ढिगारा येतो. मृत समुद्राकाठच्या कुमरानची हस्तलिखिते १९४७ च्या सुमारास मेंढपाळांच्या हाती लागली, गिलगिटची बौद्ध हस्तलिखिते १९३१ मध्ये जुन्या अवशेषांतून बाहेर आली. कोल्हापूरच्या पोथ्यांचे तसे नाही. त्या हरवल्याच नव्हत्या. मठाच्या कपाटात, वेष्टणात बांधलेल्या, वर्षातून एकदा बाहेर काढून पूजलेल्या अशा त्या कायम तिथेच होत्या. कमी होत गेले ते वाचणारे. म्हणून इकडे ‘पोथी सापडली’ याचा अर्थ बहुधा ‘कुणीतरी गाठ सोडून ती वाचली’ एवढाच असतो.

पार्श्वभूमी

शिलाहार राजांच्या काळात कोल्हापूर हे जैन विद्येचे ठाणे होते. बाराव्या शतकातल्या शिलालेखांत इथल्या रूपनारायण बसदीचा आणि तिचे आचार्य माघनंदी सिद्धांतदेव यांचा उल्लेख येतो. कोल्हापूरला त्यात क्षुल्लकपूर असेही नाव आहे. शुक्रवार पेठेतला लक्ष्मीसेन भट्टारकांचा (जैन मठाधिपतींचा) मठ आजही त्या परंपरेची गादी मानला जातो. कोल्हापूरबरोबर दिल्ली, जिनकांची आणि पेनुगोंडा ही नावे या गादीच्या बिरुदात आहेत.

पोथीच्या शेवटच्या चार ओळी, म्हणजे पुष्पिका, इतिहासाला किती देऊन जातात याचे उदाहरण याच मुलखातले आहे. जैनेंद्र व्याकरणावरील ‘शब्दार्णवचंद्रिका’ ही सोमदेवाची टीका. ती शके ११२७ मध्ये (इ.स. १२०५), शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या राज्यात, अर्जुरिका गावी गंडरादित्याने बांधवलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात लिहिली, असे ग्रंथाच्या शेवटी नोंदलेले आहे. अर्जुरिका म्हणजे आजचे आजरे. घनसाळ तांदळासाठी माहीत असलेल्या गावात आठशे वर्षांपूर्वी संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ तयार होत होता, हे त्या पुष्पिकेमुळे कळते.

पान आणि लिपी

ताडपत्राचे पान लांबट आणि अरुंद. त्याला भोक पाडून दोरी ओवतात, वरखाली लाकडी फळ्या लावतात आणि सगळे फडक्यात बांधतात. दक्षिणेत अक्षरे शाईने लिहिण्यापेक्षा लोखंडी लेखणीने कोरण्याचा प्रघात. कोरलेले पान हाती घेतले तर आधी जवळजवळ कोरेच दिसते. त्यावर काजळी चोळून पान पुसले की काजळी खाचेत बसते आणि ओळ उमटते.

वाचणाऱ्याची खरी परीक्षा त्यानंतर. लिपी जुनी कानडी, भाषा प्राकृत किंवा संस्कृत, आणि पोथी ज्यांच्या घरी किंवा मठात आहे त्यांच्या बोलण्यात मराठी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. प्राकृतातले द्वित्त (एकच व्यंजन दोनदा) दाखवायला अक्षराआधी नुसते एक शून्य काढतात आणि अनुस्वारालाही तेच चिन्ह चालते. त्यामुळे ‘सव्व’ (सर्व) हा शब्द ‘संव’सारखा दिसतो. कुठे द्वित्त आणि कुठे अनुस्वार हे भाषा येणाऱ्यालाच उमगते. शिवाय पोथीचे पहिले आणि शेवटचे पान सर्वांत जास्त झिजते, आणि कर्त्याचे नाव, शक, गाव हे सगळे बहुधा तिथेच असते.

उपाध्ये आणि वरांगचरित

कोल्हापूरच्या पोथ्यांना जगापुढे आणले ते आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (१९०६–१९७५) यांनी. जन्म चिकोडी तालुक्यातील सदलग्याचा. १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ ते राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. कानडी, मराठी, प्राकृत आणि संस्कृत या चारही भाषा अंगवळणी पडलेला माणूस या मुलखात निपजावा, यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या चिकाटीचे. ‘प्रवचनसार’ (१९३५), ‘परमात्मप्रकाश’ (१९३७), ‘बृहत्कथाकोश’ (१९४३), हिरालाल जैन यांच्यासह ‘तिलोयपण्णत्ती’ असे एकेक ग्रंथ त्यांनी निरनिराळ्या प्रती जुळवून, पाठभेद तळटिपांत देऊन सिद्ध केले.

त्यांपैकी ‘वरांगचरित’ हे थेट कोल्हापूरचे देणे. लक्ष्मीसेन मठातल्या ताडपत्री प्रतीवरून हे एकतीस सर्गांचे संस्कृत काव्य त्यांच्या हाती लागले. काव्यात कवीचे नाव नाही. इ.स. ७८३ च्या ‘हरिवंशपुराण’ या जैन ग्रंथातील उल्लेखावरून ते रविषेण या जैन कवीचे असावे असे तोवर मानत. उपाध्ये यांनी इतर ग्रंथांतले उल्लेख आणि अवतरणे एकत्र मांडून ते जटासिंहनंदी या आचार्यांचे ठरवले आणि १९३८ मध्ये छापले. जटासिंहनंदींच्या पादुकांचा शिलालेख कर्नाटकात कोप्पळला आहे. नाव नसलेल्या पोथीला कर्ता मिळवून द्यायचा तर हजार वर्षांत त्या पोथीबद्दल कोण काय बोलले हे हुडकावे लागते, ते हे असे.

मराठी वाचकाला मात्र उपाध्ये यांचे ऋण दुसऱ्याच ग्रंथासाठी मानावे लागेल. उद्योतनसूरीची ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना (इ.स. ७७९) जालोरला पुरी झाली. तिच्या मोजून दोन प्रती उपलब्ध होत्या: एक जैसलमेरची ताडपत्री, दुसरी पुण्याची कागदी. त्या दोहोंवरून उपाध्ये यांनी १९५९ मध्ये संहिता प्रसिद्ध केली. बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांच्या वर्णनात तिथे ‘मरहट्ठ’ येतो: सावळा, काटक, अभिमानी, भांडखोर आणि ‘दिण्णले गहियल्ले’ म्हणजे ‘दिले, घेतले’ बोलणारा. स्वभावाबद्दल ज्याने त्याने ठरवावे, पण ‘ले’ ओळखीचा आहे.

मिरजेची चोरटी प्रत

दिगंबरांच्या सर्वांत जुन्या आगमांपैकी (मूळ धर्मग्रंथांपैकी) एक ‘षट्खंडागम’. परंपरेनुसार गिरनारच्या गुंफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना तो शिकवला. त्यावर वीरसेनाने नवव्या शतकात ‘धवला’ ही टीका लिहिली. तिच्या ताडपत्री प्रती फक्त कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत उरल्या होत्या आणि यात्रेकरूंना त्यांचे लांबून दर्शन मिळे, वाचन नाही. मुंबईचे माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करण्याचे काम सुरू झाले. त्यातले एक लेखक मिरजेचे गजपती उपाध्याय. नक्कल मूडबिद्रीबाहेर न्यायची नाही अशी अट होती. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने एक कानडी प्रत गुपचूप उतरवली. ज्यांना दाखवली त्यांनी अशी प्रत घेणे नाकारले, आणि शेवटी ती सहारनपूरला गेली. तिथे तिचे नागरीत लिप्यंतर करणाऱ्यानेही स्वतःसाठी एक प्रत ठेवून घेतली, आणि त्या प्रतीवरून पुढच्या प्रती गावोगाव पसरल्या.

हे कृत्य योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मते होतील. पण हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून ‘धवले’चा पहिला खंड काढला तो याच चोरट्या वंशावळीतल्या प्रतींवरून. नकलेची नक्कल म्हणजे चुका आल्याच. पहिल्याच भागातल्या ९३ व्या सूत्रात ‘संजद’ (संयत, म्हणजे पूर्ण संयम पाळणारा साधक) हा शब्द प्रतींत नव्हता, अर्थसंगतीने मात्र हवा होता. संपादकांनी तसे तळटिपेत सुचवले. पुढे मूडबिद्रीची मूळ ताडपत्रे पडताळायला मिळाली तेव्हा शब्द तिथे निघाला. सूत्र स्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्यांविषयी आहे. ‘संयत’ ही मोक्षाकडे नेणारी पायरी, आणि स्त्रीला त्याच देहाने मोक्ष मिळत नाही ही दिगंबरांची भूमिका, म्हणून या तीन अक्षरांवरून पंडितांमध्ये कडाक्याचा वाद झाला. सूत्रातली स्त्री देहाने की केवळ भावाने, असा अर्थाचा मार्ग काढून परंपरेने तो शब्द पचवला.

जतन

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. षट्खंडागम लिहून पुरा झाला तो हा दिवस मानतात. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून पुसतात, पूजतात आणि नव्या वेष्टणात बांधतात. तिथी बहुधा मे अखेर ते जूनमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या धो धो पावसाच्या उंबरठ्यावर येते. पोथ्यांना वारा लागतो, कसर आणि वाळवी वेळेत दिसते; धर्माचाराने ग्रंथपालाचे काम उरकलेले असते. कोरडी पडून तडकणाऱ्या ताडपत्रांना गवती चहाच्या जातीचे सुगंधी तेल लावतात, त्याने पान लवचिक राहते आणि किडाही दूर राहतो.

दत्तसंप्रदायात पोथी वाचली जाते, त्यामुळे ती झिजते आणि पुन्हा पुन्हा उतरवली जाते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचा नृसिंहवाडीचा परिसर ज्यात अमरापूर म्हणून येतो त्या ‘गुरुचरित्रा’च्या प्रती कुठे ५१, कुठे ५२, तर कुठे ५३ अध्यायांच्या आढळतात, त्या त्यामुळेच.

निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी कीड, पाणी आणि नक्कलनवीस या तिन्हींवर एकदमच उपाय काढला: ‘धवला’ तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घ्यायची. काम १९४०च्या दशकात हाती घेतले गेले आणि ते पत्रे फलटणला ठेवले गेले. कोरण्याआधी अर्थातच प्रत्येक सूत्राचा पाठ ठरवणे भाग होते, आणि ‘संजद’चा वाद तेव्हा ऐन भरात होता.